शंकेची सात मिनिटं

तास संपायला सात मिनिटं उरली, तसा डॉ. कुमुद अडसूळांनी फळा पुसला आणि त्या पहिल्या बाकावर येऊन बसल्या. सत्तावीस वर्षांचा शिरस्ता होता तो. शेवटची सात मिनिटं मुलांच्या शंकांची; कुणी काय विचारलं ते नावानिशी वहीत लिहून ठेवायचं. मिरजेच्या त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी त्या वह्यांत गेलेला.

आता दोन वर्षं वही कोरी होती. साठ मुलं, साठ तृप्त चेहरे, कुणी तोंड उघडेल तर शपथ!

दोष तरी कुणाला द्यायचा? वह्या बाईंनीच आपल्या हातांनी दिल्या होत्या. त्यांचा जुना विद्यार्थी निनाद हळबे ‘शंकाहर’ तयार करत होता. कानामागे चिकटवायची संवेदनपट्टी. मुलांचं भलं होईल म्हणून बाईंनी सगळ्या वह्या त्याच्यापुढे ठेवल्या, वर चहाही पाजला.

“शंका एकदम येत नाही, मॅडम,” त्याने तेव्हा समजावलं होतं. “आधी मेंदूत नुसती अडखळ होते. तिचा प्रश्न व्हायला दोनेक सेकंद लागतात. पट्टी ती अडखळ ओळखते आणि तेवढ्यात कानात उत्तर सांगून मोकळी होते. इतकं हळू, की ऐकणाऱ्याला तो आपलाच विचार वाटतो. कुठे काय अडतं, हे तिला तुमच्या वह्या शिकवतील.”

“आणि प्रश्न?”

“तो तयारच होत नाही.”

त्या वेळी बाईंना केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं!

पुढे विद्यापीठाने नियम काढला. सत्रभरात शंकाहरला ठाऊक नसलेला एक तरी प्रश्न वर्गातून आला, तर बाईंचा वर्ग चालू राहील. नाही तर जूनपासून खोलीला कुलूप. आज सत्राचा शेवटचा तास होता, आणि नोंदी तपासायला हळबे मागच्या बाकावर येऊन बसला होता. बाईंच्याही कानामागे पट्टी होती, कारण हजेरी तिच्यावरच लागायची. कुणी विचारेल का, या एकाच काळजीने महिनाभर त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

चार मिनिटं गेली. पाच गेली. मग समीना तांबोळीने हात वर केला.

“मॅडम, ताऱ्यापासून इथवर येताना प्रकाशाचं वय वाढतं का?”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वहीत समीनाचं नाव लिहिलं.

मुलं गेल्यावर हळबे पुढे आला. त्याची नजर काही वर होईना.

“मॅडम, हा प्रश्न माझा आहे. एकोणीस वर्षांपूर्वीचा, तुमच्या वहीतला.”

समीनाने चोरला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. बिचारीला तो स्वतःलाच सुचल्यासारखा वाटत होता. हळबेने नोंद दाखवली. अडखळ: कुमुद अडसूळ, ‘कुणी विचारेल का?’ निवारण: समीना तांबोळीच्या कानात प्रश्न. यंत्राने कुणालाच फसवलं नव्हतं. शंका बाईंची होती, ती त्याने फेडली.

“म्हणजे वर्ग बंद,” बाई म्हणाल्या. हळबेने होकारार्थी मान हलवली.

 सत्तावीस वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं असं काहीतरी बाईंच्या आतून उसळून वर आलं.

“निनाद, मग मला हे जे आत्ता…”

त्या थांबल्या. पट्टी अजून कानामागेच होती. कपाळावरची आठी हळूहळू विरली.

“काय म्हणत होतात, मॅडम?”

बाईंनी वही मिटली आणि पंख्याचं बटण बंद केलं.

“काही नाही रे,” त्या म्हणाल्या. “समजलं मला.”