डबा मागून वाजवायचा असतो

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो. इथं त्यातलं काहीच नाही. सकाळचे आठ वाजले होते, लख्ख ऊन पडलं होतं. आणि हे कुणा ऐकीव माणसाचं नाही, माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत. उलट बोलायचं ते पोटात ठेवणारे, तीच तर सगळी भानगड झाली.

परशुराममामांनी तीस वर्षं पोलिसांच्या घोडदळात काढली. रिटायर झाल्यावर रामनगरबाहेर, सुप्याच्या रस्त्याला, त्यांनी रिंगण केलं. पोलिसात घ्यायचे घोडे आधी त्यांच्याकडं येतात. खूर, दात, दम, डोळे तपासायचे. मग फटाके, धूर, घोषणा यांची सवय लावायची. घोषणा द्यायला गावातलीच पंधरा माणसं येतात, तासभर बोंबलतात आणि चहा पिऊन घरी जातात. एकदा पार्वतीमामीनं पण त्यात 'पाणी द्या, पाणी द्या' करून घेतलं. नळाला चार दिवस खरंच पाणी नव्हतं.

गेल्या डिसेंबरात पाच घोडे आले. त्यांच्याबरोबर नेत्रा आली. तेवीस वर्षांची, घोडदळात नवीनच भरती झालेली. पाचातला एक घोडा तिला मिळणार होता.

तिला बघून मामा पाणी आणायच्या निमित्तानं तबेल्यात गेले.

नेत्रा म्हणजे जगलबेटच्या संदीपची मुलगी. संदीप मामांच्याच हाताखाली तयार झालेला स्वार. बारा वर्षांपूर्वी तो एका मिरवणुकीत बंदोबस्ताला होता. मागून एक ट्रक उलटा येत होता. बँडच्या गोंगाटात माणसाला काय कळणार? पण घोड्याला मागचं इंजिन कळतं, तो आपसूक बाजूला होतो.

तो घोडा हलला नाही. संदीप जागीच गेला.

चौकशीत ठरलं, स्वाराचं लक्ष नव्हतं.

खरं कारण एकट्या मामांना माहीत होतं... घोडा बहिरा होता.

घोडा पास करताना मामांनी पत्र्याचा डबा समोर उभं राहून वाजवला होता. घोडा शांत. मामा खूश. कागदावर लिहिलं, 'निडर'. अहो, डबा मागून वाजवायचा असतो, म्हणजे कान वळतात का ते कळतं. हे नवख्यालाही ठाऊक असतं. त्या दिवशी मामांना घरी जायची घाई होती. संदीप गेल्यावर त्यांनी तबेल्यात एकट्यानं मागून डबा वाजवून बघितला. एकही कान हलला नाही. मामांनी तोंडाला कुलूप लावलं.

संदीपची बायको भाग्यलक्ष्मी बारा वर्षं लोकांना सांगत आली, चूक आमच्या ह्यांचीच झाली.

आणि आता तिच्याच मुलीला पाचातला सावळ्या आवडला. शेजारी फटाका फुटला तरी ढिम्म. मला ह्योच पायजे, म्हणून हटून बसली.

मामांना रात्रभर झोप लागली नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी डबा घेतला आणि सावळ्याच्या मागं दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. बाकीचे चार घोडे बाजूला दोराला बांधलेले. नेत्रा कुंपणावर बसलेली.

मामांनी डबा वाजवला.

कान हलले नाहीत...

पुन्हा वाजवला. जोरात.

आता कान वळले. पण मामांकडं नाही... उजवीकडं. रिकाम्या रिंगणाकडं.

मग दुसऱ्या घोड्याचे वळले. तिसऱ्याचे. पाच घोड्यांचे दहा कान, सगळे एकाच बाजूला.

आणि ते कान हळूहळू सरकायला लागले...

रिंगणाच्या कडेनं कुणी घोडा चालवत न्यावा आणि बाकीच्यांनी त्याचा कानोसा घेत राहावं, अगदी तसे. मातीत खूर उमटत नव्हता. टाप ऐकू येत नव्हती. आजूबाजूच्या जंगलातली पाखरंसुद्धा गप्प झाली होती.

एक फेरी... दुसरी...

फेरी थांबली. बरोबर मामांच्या पाठीमागं.

सावळ्यानं मान वळवली. पाचही घोडे मामांच्या खांद्यावरून मागं बघत होते.

अचानक नेत्रानं दोन्ही कानांवर हात ठेवले. सावळ्या मागच्या पायांवर उभा राहिला. बाकीच्यांनी दोर तोडले.

मामांना मात्र काहीच ऐकू आलं नाही. काहीच म्हणजे काहीच.

"मामा, डबा कुणी वाजवला?"

मामांचा डबा त्यांच्या हातातच होता. "कुठला डबा?"

"तुमच्या मागं वाजला की. तीनदा. कान फाटायची येळ आली."

मामांनी मागं बघितलं. कुणी नव्हतं.

मग ते मातीत बसले, आणि बारा वर्षांचं सगळं सांगून टाकलं. म्हणाले, "चूक तुझ्या बापाची न्हवती, पोरी. माझी हुती."

नेत्रा रडली नाही. तिनं आधी सावळ्याला थोपटून शांत केलं. त्याला ऐकू येतं, एवढं तर आता दोघांनाही कळलं होतं. मग मामांकडं न बघता बोलली.

"मला सांगून काय उपेग न्हाई. जगलबेटला जाऊन आईला सांगा."

ती सावळ्याला घेऊन गेली. मामा जगलबेटला जाणार होते. उद्या जाईन, परवा जाईन करत सहा महिने गेले.

आणि त्या मंगळवारपासून मामांना मागून काही ऐकू येत नाही...

समोरून कुजबुजलं तरी ऐकतात. मागून हाक मारा, भांडी आपटा, हॉर्न वाजवा, पत्ता नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. म्हणाले, कान ठणठणीत आहेत. त्यांच्या दारावरून गोव्याचे ट्रक दिवसभर सुसाट जातात, म्हणून मामी त्यांना एकटं रस्त्यावर जाऊ देत नाही.

आज सकाळी मामीचा फोन आला. ती चुलीपाशी असताना मामा कपडे करून एकटेच निघाले. भाग्यलक्ष्मीला भेटून येतो म्हणाले. जगलबेटची बस रस्त्यापलीकडं थांबते.

मामी दारातून हाका मारत राहिली. त्यांनी वळून बघितलं नाही. मधे ट्रकांची रांग आली, ती सरली तेव्हा बस गेलेली होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

आता दुपारचे दोन वाजलेत. जगलबेटहून अजून फोन आलेला नाही.