पेनल्टी लागली की दाराबाहेर

दिवा राहू दे तसाच. आणि धाकटे, खिदळू नकोस; सगळ्यात आधी पांघरूण तोंडावर ओढणारी तूच असतेस.

आमच्या कामावर एक लिफ्ट मेकॅनिक होता, त्याला आम्ही लंबू म्हणायचो. ही गोष्ट त्याची. मागच्या वर्षी, मार्चचा दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. रिमोटचे सेल संपले म्हणून हा खालच्या दुकानात गेलेला. घरात टीव्ही चालू, दार नुसतं लोटलेलं. एकटा जीव, बाप जाऊन पाच वर्षं झाली होती.

फुटबॉलचं वेड बापाचंच. जन्मभर एकच संघ. पण बरोबरी होऊन निकालासाठी पेनल्टी लागल्या की म्हातारा उठून दाराबाहेर उभा राहायचा. "मला नाही बघवत. तू बघ आणि ओरडून सांग." मग पोरगा आतून एकेक सांगणार, बाप बाहेर दाराला कान लावून.

"म्हणजे घाबरट होते की, मामा!"

होते. तुझा बाप झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतो, ते काढू का?

तर, बाप दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता आणि त्याच रात्री सामना होता. म्हाताऱ्याने विचारलं, "काय झालं रे?" संघ हरला होता. लंबू म्हणाला, "जिंकलो, बाबा." म्हातारा हसला. पहाटे गेला. ते खोटं लंबूच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं. मला एकट्याला सांगितलं त्याने.

त्या शनिवारी तोच संघ फायनलला. लंबू सेल घेऊन जिना चढला, तर आत टीव्हीवर निवेदक ओरडला, बरोबरी, आता पेनल्टी! हात कडीवर गेला नि तिथेच थिजला. बघवेना. बापाच्याच जागी उभा राहिला. आणि बापाचंच वाक्य तोंडून गेलं.

"काय झालं रे?"

आतून उत्तर आलं. "घातला."

याला वाटलं, टीव्ही.

"अडवला."

टीव्हीचा आवाज तर… बंद झाला होता.

"घातला." आता दाराजवळून.



"जिंकलो, बाळा."

पळाला असता. पण विचारल्याशिवाय सुटका नव्हती त्याची.

"बाबा… खरं सांगा."



मग दाराच्या फळीच्या अगदी पलीकडून, हळू…

"तू सांगितलं होतंस?"

…

त्याने दार ढकललं. आत कुणी नाही. पडद्यावर संघ माना खाली घालून मैदानाबाहेर चाललेला. हरलेला.

"मग?"

मग दाराच्या आतल्या अंगाला, लंबूच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एक तेलकट डाग. कानाच्या आकाराचा. दोनदा रंग मारला. दुसऱ्यांदा मीच मारला. आठ दिवसांत पुन्हा वर आला.

मी बोट लावून पाहिलं.

कोमट होता.