नजर मागे पडते

महाडच्या बाजारपेठेत कुणाला कॅमेरा घ्यायचा असला की तो आधी शर्मिला उतेकरच्या स्टुडिओत डोकावायचा. पासपोर्टचे फोटो काढता काढता ती सल्ला द्यायची. सल्ला फुकट असायचा आणि फुकटचा असूनही खरा असायचा.

"मेगापिक्सेल काय चाटायचेत?" ती विचारायची. "आधी कशाचे फोटो काढणार ते सांग. पक्ष्यांचे? मग जड पिशवी वाहायची तयारी ठेव. घरातल्या माणसांचे? मग कॅमेरा साधा घे आणि खर्च लेन्सवर कर. आणि घेण्याआधी हातात धरून बघ. चप्पल घेताना पाय घालून बघतोस ना? तसंच."

एमआयडीसीतली नुकती नोकरीला लागलेली मुलं, शाळेचे मास्तर, लग्नाचे फोटो काढायला निघालेले होतकरू, सगळे तिचं ऐकत. तिनेही आजवर कुणाला चुकीचं सांगितलं नव्हतं. पण हे सगळे परके होते. परक्याचं चांगलं झालेलं बघणं तसं सोपं असतं.

राजनंदिनी परकी नव्हती. ती तिची धाकटी जाऊ.

पोलादपूरहून उमरठच्या रस्त्याला लागलं की वर त्यांची वाडी. घरात सासूबाई सुंदराबाई आणि या दोघी. थोरला मुलगा, म्हणजे शर्मिलाचा नवरा, एमआयडीसीत पाळीवर. धाकटा मुंबईला. शर्मिला रोज सकाळी स्कूटरने महाडला उतरायची आणि दिवेलागणीला परत यायची. राजनंदिनी घर, गुरं आणि शेत बघायची. पाहुण्यांपुढे घराची ओळख मात्र एकच होती: फोटोवाल्या शर्मिलाचं घर.

वाडीच्या मुंबईकर मंडळाचं दरवर्षी कॅलेंडर निघे. वाडीतल्या घराघरांत आणि मुंबईतल्या प्रत्येक खोलीत ते वर्षभर खिळ्याला लटकलेलं असे. त्यातले फोटो शर्मिलाचे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचं नाव. कुणाच्याही घरी गेली की पाणी पिता पिता तिची नजर आधी त्या कोपऱ्याकडे जायची. तिला मूलबाळ नव्हतं, वाडीत स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. तो कोपरा तिचा होता.

गणपतीत राजनंदिनीने फोनवर एक फोटो काढला. सुंदराबाई सुपात नाचणी पाखडताहेत, कोंडा उन्हात उडतोय, बस्स. मंडळाच्या ग्रुपवर तो पडला आणि दिवसभर अंगठे, फुलं, नमस्कार यांचा पाऊस पडला. मंडळाचे सेक्रेटरी हैबती मोरे यांनी लिहिलं, "धाकट्या सूनबाईंना नजर आहे. यंदा कॅलेंडरचा विचार करू."

शर्मिलाच्या पोटात दुखलं. ते तिने स्वतःशी कबूलही केलं, कारण फोटो खरोखरच चांगला होता. तिला तो सुचला नव्हता, हेच तर दुखत होतं. ते सूप ती रोज बघत होती.

चारच दिवसांनी राजनंदिनी तिच्यासमोर येऊन बसली. "ताई, हे म्हणतात कॅमेरा घे. कुठला घेऊ? तुम्ही सांगाल तोच घेते."

खरं उत्तर शर्मिलाच्या जिभेवर तयार होतं. हलका, छोटा, नव्या जातीचा कॅमेरा आणि त्याला कमी उजेडातही चालणारी एकच उघडी लेन्स. या मुलीला दुसरं काही नको. सहा महिन्यांत ती आपल्या पुढे जाईल, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"नवीन कशाला?" ती म्हणाली. "माझा जुना पडून आहे. घरातलाच. घे तो."

एकवीस सालच्या पुरात सावित्रीचं पाणी स्टुडिओत छातीच्या वर चढलं होतं. भिंतीवरची ती रेघ रंग दिल्यावरही उमटायची. तो कॅमेरा कपाटात पाण्याखाली राहिला होता. तिने तो सुकवला, साफ केला, तो चालूही झाला. पण तेव्हापासून त्याची नजर मागे पडायची. माणसाच्या डोळ्यांवर नेम धरावा, तर चेहरा मऊ धुरकट यायचा आणि त्याच्या मागचं झाड पानन्‌पान स्पष्ट. लेन्स फिरताना आत गाळ असल्यासारखी कुरकुर वाजायची. हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

राजनंदिनी वाकून तिच्या पाया पडली. सुंदराबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोठं मन हाय गो तुझं."

पहिलं कार्ड घेऊन राजनंदिनी स्टुडिओत आली, तेव्हा शर्मिलाने मुद्दाम चहा मागवला. मजा सावकाश घ्यायची होती. संगणकावर फोटो उघडले. चेहरे धुरकट होतेच. नाचणी कापणाऱ्या बाया, खांद्यावर भारा घेतलेला शेजारचा चांगू, सगळे ओलसर काचेमागून बघितल्यासारखे. पण ते वाईट दिसत नव्हते. स्वप्नात माणसं दिसावीत तसे दिसत होते.

मागचा फणस मात्र लख्ख होता. फणसाखाली एक बाई उभी होती, तीही लख्ख. मोहरी रंगाची ओढणी, पदराला इस्त्रीने जळालेलं भोक.

शर्मिलाने आपल्या खांद्यावरच्या ओढणीला हात लावला. भोकात बोट गेलं.

"ताई, तुम्ही कधी आलात त्या दिवशी?" राजनंदिनी हसत म्हणाली. "हाक तरी मारायची."

"मी कशाला येऊ? मी इथे होते."

"अय्या, मग कोण ती?"

फोटोवरची वेळ भर दुपारची होती. ती दुपार शर्मिलाला आठवत होती. दहावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला साहिल नावाचा मुलगा समोर स्टुलावर बसला होता आणि शेवटी कंटाळून म्हणाला होता, "मॅडम, लक्ष कुठंय तुमचं?" लक्ष कुठे होतं, तेही तिला आठवत होतं. राजनंदिनी आत्ता कुणाचा फोटो काढत असेल, याचा ती विचार करत होती.

"असेल कुणी वाडीतली," ती म्हणाली आणि चहा न पिताच उठली.

मग भातकापणी आली, झोडणी आली. प्रत्येक कार्डावर ती बाई होती. आधी बांधावर. मग खळ्याच्या कडेला. मग पेंढ्याच्या उडव्याला टेकून, कॅमेऱ्यापासून हाताच्या अंतरावर. ती कॅमेऱ्याकडे कधीच बघत नव्हती. ज्याचा फोटो निघतोय त्याच्याकडेही नाही. तिची मान किंचित कललेली असे आणि नजर फोटो काढणाऱ्या राजनंदिनीवर. शर्मिलाने एकदा तो चेहरा मोठा करून पाहिला. आपला चेहरा जळफळताना कसा दिसतो, हे माणसाला सहसा बघायला मिळत नाही. तिने घाईने फोटो बंद केला.

तिने कॅमेरा परत मागितला. "त्यात दोष आहे गं. माझा नवा वापर."

राजनंदिनीने तो छातीशी धरला. "नको ताई. याची सवय झालीय. आणि दोष कसला? सगळ्यांना हेच आवडतंय."

आणि आवडतच होतं. ग्रुपवर आता शर्मिलाच्या फोटोंना कुणी साधा अंगठाही दाखवत नव्हतं. तिला वाईट वाटलं नाही, तिला राग आला. रात्रंदिवस आतल्या आत निखारा फुंकावा तसा आला.

दिवाळीनंतर हैबती मोरे वीर स्टेशनवर उतरून रिक्षाने थेट स्टुडिओत आले. कॅलेंडर ठरलं होतं. बाराच्या बारा फोटो राजनंदिनीचे. छपाईआधीची साफसफाई तेवढी शर्मिलाने करायची.

"एवढं एक करा वहिनी," ते पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "ही मागची बाई. प्रत्येक फोटोत कशी काय येते कोण जाणे. हिला काढा तेवढी."

"तुम्ही ओळखलं नाहीत हिला?"

हैबतींनी चष्मा वर करून पाहिलं. "नाय बा. आपल्या वाडीतली वाटत नाय."

ते गेल्यावर ती बसली. काम तिच्या हातातलं होतं. लग्नाच्या फोटोंतून नको ती माणसं तिने आजवर किती तरी काढली होती. फणसाचं खोड ओढून बाईवर आणलं, बाई गेली. उडव्याचा पेंढा ओढला, बाई गेली. बाराव्या फोटोत ती कॅमेऱ्याच्या, म्हणजे फोटो काढणाऱ्या राजनंदिनीच्या अगदी जवळ होती. तिथे आभाळ भरलं. मग कॅलेंडरच्या खालच्या कोपऱ्यातलं दरवर्षीचं आपलं नाव पुसून तिने तिथे 'राजनंदिनी उतेकर' असं टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई मुलीला घेऊन स्टुडिओच्या दारात आली. शर्मिला टेबलापाशी बसली होती.

"या," ती म्हणाली.

बाईने आत डोकावून सगळीकडे पाहिलं. "कोणीच नाय गो," ती मुलीला म्हणाली. "चल, दुसरीकडे काढू."

दुपारी चहावाला आला. त्याने टेबलाकडे पाहिलं आणि कप खाली न ठेवताच परत गेला.

शर्मिलाने स्टुडिओ लवकर बंद केला.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागत होते. राजनंदिनी खाटेवर डोकं धरून बसली होती. सकाळी कॅलेंडरची बातमी आल्यापासून तिचं डोकं दुखत होतं. कॅमेरा तिच्या उशाशी होता. सुंदराबाई चुलीत लाकूड सारत होत्या. त्यांनी पावलं ऐकली, पण मान वळवली नाही.

"आलीस? राजीची काढ गो जरा. सकाळपासून पोर मलूल हाय."

त्या घरात 'काढ' हा शब्द शर्मिलाला उद्देशून कुणी उच्चारला की त्याचा एकच अर्थ होता. वर्षानुवर्षं तोच होता. तिने उशाचा कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला. लेन्स कुरकुरली. तिने फोटो काढला.

पडद्यावर राजनंदिनीचा चेहरा लख्ख होता. पापणीन्‌पापणी. मागे नुसती भिंत. मागे कोणी नव्हतं.

शर्मिलाला हायसं वाटलं. तिने कॅमेरा खाटेवर ठेवला.

"फोटो नाय गो," सुंदराबाई म्हणाल्या. "दृष्ट काढ म्हटलं. ऱ्हाव दे, मीच काढतंय."

त्यांनी मुठीत मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या घेतल्या. राजनंदिनीवरून मूठ ओवाळली. आल्याची, गेल्याची, दारातली, घरातली, असं काहीबाही पुटपुटल्या. घरातली म्हणताना जरा थांबल्या. मग मूठ चुलीत टाकली.

दृष्ट उतरली नाही तर मिरची जळूनही ठसका लागत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं ते.

मिरच्या तडतडल्या. धूर उठला. राजनंदिनी खोकायला लागली. सुंदराबाईंनी पदर नाकाला लावला, तरी डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर गोठ्यात म्हैस शिंकली.

"गेली," सुंदराबाई खोकत म्हणाल्या. "जबर लागलेली. गेली बघ."

शर्मिला चुलीच्या अगदी जवळ उभी होती. धूर तिच्या तोंडावरून जात होता. तिने खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

ठसका लागला नाही.

"आई," ती म्हणाली.

सुंदराबाईंनी राख सारखी केली, डोळे पुसले आणि दाराबाहेर अंधारात बघितलं. "शर्मिला अजून कशी नाय आली? आत्ता पावलं वाजल्यासारखी वाटली."

"येतील," राजनंदिनी म्हणाली. तिचा चेहरा एकदम हलका झाला होता. "आई, तशाच बसा. चुलीचा उजेड छान पडलाय."

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. राजनंदिनीने कॅमेरा खाली घेतला. शर्मिला उभी होती त्या जागेकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. परत कॅमेरा डोळ्याला लावला.

"काय झालं गो?"

"काही नाही, आई. तुम्ही थोड्या अलीकडे सरका," राजनंदिनी म्हणाली. "मागे कोणीतरी येतंय."