धाकटीची जागा

ऑफिसच्या सर्व्हरमधल्या एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे आभासी संगणकावर, आम्हा दोघी बहिणींचं काम चालायचं. डिस्क एकच, तिचे दोन भाग केलेले. पहिला माझा, दुसरा धाकटीचा. मग साहेबांनी तिला नवं, स्वतंत्र मशीन दिलं. मी तिच्या कितीतरी आधीपासून तिथे होते. मला कुणी विचारलंही नाही.

"ताई, माझं सगळं मी तिकडे हलवलंय," जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन ती म्हणाली. "माझा भाग काढून टाक आणि तुझा वाढवून घे. ऐसपैस होईल तुला."

म्हणजे तिची उरलेली जागा आता मी वापरायची. मी हसून मान डोलावली.

दुपारी कामाला बसले. तिचा भाग रिकामा असल्याची खात्री करून तो पुसला. माझ्या भागाची हद्द डिस्कच्या टोकापर्यंत नेली, मग आतली फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी, तेवढीच वाढवली. मशीनवरच्या लिनक्स प्रणालीने सगळं निमूट केलं. शेवटी किती जागा मोकळी झाली ते पाहिलं.

काहीच नाही. नवी जागा काठोकाठ भरलेली होती.

आत आवाजाच्या फाइल्स होत्या. हेडफोन लावला. आई बोलत होती. "माझं शहाणं बाळ ते." असं ती फक्त धाकटीशी बोलायची. दाराआडून मी ते कितीदा ऐकलं होतं. पुसून टाकायला हात उचलला, तेवढ्यात फाइलमधल्या मुलीने आईला उत्तर दिलं.

आवाज माझा होता.

मी पुसलं नाही. पुन्हा लावलं. मग पुढची लावली.

संध्याकाळी साहेब जाता जाता थांबले. "नव्या मशीनवर जम बसला ना तुमचा?"

"ते धाकटीचं आहे, साहेब."

"कुणाचं?"

तिच्या टेबलाकडे पाहिलं. खुर्चीवर प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे रचलेले होते.

"बसला," मी म्हटलं.

घरी आईने दार उघडलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "दमलं गं माझं बाळ."

जेवणाच्या टेबलावर तीनच ताटं होती, आई-बाबांची आणि माझं. धाकटी कुठाय, हे ओठांवर आलं होतं. पण आई माझ्या केसांवरून हात फिरवत होती.

मी विचारलं नाही.

आई वाढत राहिली, मी खात राहिले.

"आज बरीच भूक लागलेली दिसतेय," बाबा म्हणाले.

लागली होती. दोघींची.