कुणी विचारलं नाही

ज्युरी खलबताला उठली तेव्हा ऊन चढलं होतं. हॅना पास्क या मोलकरणीवर मालकिणीला विष घातल्याचा आरोप होता आणि मी, एडमंड थर्केल, तिचा वकील. निकाल विरुद्ध गेला तरी एक वाट उरणार होती. आरोपपत्र कायद्याला धरून नव्हतं. पण ती हरकत शिक्षा सुनावण्याआधीच घ्यावी लागणार होती. नंतर फक्त फाशी.

कोर्टामागच्या मैदानावर गावाचा सामना रंगला होता. ज्युरी परतल्याची कोर्टाची घंटा वाजली की जाईन, असं सांगून मी फलंदाजीला उतरलो. यष्टिरक्षक बिडल गावचा खाटीक. तो म्हणाला, "वकीलसाहेब, आज जरा बॅटीला बोलू द्या. तुमचं तोंड सकाळपासून चालूच आहे."

सगळे हसले.

घंटा वाजली. डाव अर्धवट टाकून पळणं मला शोभलं नसतं, म्हणून पुढचा चेंडू मी मुद्दाम सोडला. मधला स्टंप उखडला. बॅट काखेत मारून मी निघालो. टाळी वाजली नाही. वळून पाहिलं, तर बिडल स्टंप पुन्हा रोवत होता.

"बाद झालोय मी," मी म्हणालो.

म्हातारे पंच क्रॅडक यांनी टोपी सारखी केली. "अपील कुणी केलंय, साहेब? कुणी विचारल्याशिवाय मी बाद देत नाही. नियम तुम्हाला माहीत आहे."

माहीत होता.

"मग विचार ना, बिडल."

बिडल हातमोज्यांकडे बघत राहिला.

मी चालू लागलो. मैदानाच्या कडेची दोरी ओलांडली आणि बुटाखाली खेळपट्टीवरची चुन्याची रेघ आली. समोर गोलंदाज उभा होता.

मी धावलो. पुन्हा तीच रेघ.

"उन्हाचे पळू नका, साहेब," क्रॅडक म्हणाले.

कोर्टाची खिडकी उघडी होती. ज्युरीचा शब्द स्पष्ट ऐकू आला. दोषी. मी जीव खाऊन ओरडलो. क्षेत्ररक्षकांपैकी एकानंही मान वळवली नाही.

शिक्षा का देऊ नये, याबद्दल कैद्याच्या बाजूनं काही म्हणणं आहे का, असं कारकुनानं रीतीप्रमाणे विचारलं.

"काही नाही, माय लॉर्ड."

अदबीचा आवाज, शेवटचा शब्द किंचित ओढलेला. कोर्टात मी असाच बोलतो.

मग हॅना हळूच म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं झालं, थर्केलसाहेब."