मधोमध येणारा आवाज

स्पीकरच्या दुकानात काउंटरवर कुणीच नव्हतं. आतल्या खोलीतून टाळी ऐकू आली. एकच. मग थोडं थांबून आणखी एक.

मी दार ढकललं. एक उंच मुलगा कोपऱ्याकडे तोंड करून उभा होता आणि रिकाम्या भिंतीसमोर टाळ्या वाजवत होता.

"भिंतीनं काही पराक्रम केलाय का?" मी विचारलं.

तो दचकला, मग हसला. "टाळी विरायला किती वेळ लागतो ते ऐकतोय. त्यावरून खोलीचा स्वभाव कळतो."

"किती लागतो?"

"थोडा."

"थोडा म्हणजे? आकडा सांगा."

आता त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "अर्धा सेकंद. तुम्ही स्पीकर घ्यायला आलाय की माझी तोंडी परीक्षा?"

"स्पीकर. सहांचा संच. टीव्हीतली माणसं हल्ली फार पुटपुटतात."

हे मी सगळ्यांना सांगत होते. चार महिन्यांपासून फोन फक्त उजव्या कानाला लावत होते, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एकदा आलेला आकडा मी मानत नाही, तीनदा मोजते. पण हे एकदाही मोजलं नव्हतं. बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी टीव्हीला दोष, मग फोनला, मग आईच्या बोलण्याला. पस्तिशीत त्यांचे दोन्ही कान गेले. मी अठ्ठावीस वर्षांची आहे.

रविवारी सकाळी टाळीवाला माझं घर बघायला आला. मनातल्या मनात मी त्याला हेच नाव ठेवलं होतं. चपला काढल्या काढल्या त्यानं टाळी वाजवली, टेप काढली, खोली मोजली. अकरा बाय नऊ.

"इथे सहा डबे मांडले, तर तुम्हाला जिन्यात बसून सिनेमा बघावा लागेल," तो म्हणाला. "आणि तो मोठा बास लावलात, तर खालच्या काकूंची भांडी नाचतील."

"मग काय घेऊ?"

"दोन. छोटे, पण चांगले. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून जरा सुटे. नीट लावले, की बोलणाऱ्या माणसाचा आवाज बरोबर मधोमध येतो. तिथे स्पीकर नसतानाही."

"कसा काय?"

"दोन्ही कानांना सारखंच ऐकू आलं, की मेंदू फसतो."

"माझा मेंदू सहजासहजी फसत नाही," मी म्हटलं.

"बघू या की," तो म्हणाला आणि गालात हसला. फार गोड हसला, हीच पंचाईत.

पुढच्या रविवारी तो दोन्ही स्पीकर घेऊन आला. मला सोफ्याच्या मध्यावर बसवलं.

"डोळे मिटा. आवाज येईल तिकडे बोट दाखवा."

स्पीकरमधून एक बाई शांतपणे आकडे मोजू लागली. मी बोट दाखवलं.

खुडबुड ऐकू आली. "वायर सैल असेल. पुन्हा."

मी पुन्हा बोट दाखवलं. उजवीकडेच.

"डावा स्पीकर खराब दिसतोय. अदलाबदल करतो, म्हणजे आवाज दुसऱ्या बाजूला जाईल."

डावा स्पीकर उजवीकडे गेला, उजवा डावीकडे आला. बाई पुन्हा मोजू लागली. एक... दोन... तीन... ती उजवीकडेच होती. मी पुन्हा तिकडेच बोट दाखवलं.

डोळे उघडले तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला होता आणि त्याच जागेवरून ऐकत होता. त्याला आवाज मधोमध येत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं.

"स्पीकर चांगले आहेत ना?" मी विचारलं.

"चांगले आहेत," तो हळूच म्हणाला. मग लगबगीनं, "हे बघा, बॅलन्स डावीकडे थोडा वाढवला, की झालं. तीनवर ठेवतो. आता?"

बाई मधोमध आली. मला रडू फुटलं. तो रिमोट हातात धरून, चोरी पकडली गेल्यासारखा उभा राहिला.

"तीन लिहून ठेवा," मी नाक पुसत म्हटलं. "आणि पुढच्या रविवारी या. वाढतंय का, ते मोजायचंय."

तो आला. तीन. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तीन, आणि आम्ही चहा प्यायलो. मग चार. त्या दिवशी मी 'अहो' सोडून 'अरे'वर आले. दर वेळी डोळे मिटताना छाती धडधडायची. आकड्याच्या भीतीनं... आणि थोडी वेगळ्या कारणानंही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. एरवी तो माझ्या उजव्या बाजूला बसायचा, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून. बाईचे आकडे सुरू झाले, की तो उठून डावीकडे यायचा.

पाचव्या मोजणीच्या वेळी मी लबाडी केली. डोळे किलकिले उघडले. समोर बंद टीव्हीच्या काळ्या पडद्यात आम्ही दोघं दिसत होतो. त्याचे ओठ हलत होते.

बाबांमुळे घरात आम्ही सगळेच ओठ वाचायला शिकलो. मी वाचलं. मग डोळे घट्ट मिटून घेतले.

"किती?" मी विचारलं.

"पाच," तो म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता.

कानांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली, ती पंधरा दिवसांनंतरची मिळाली. दवाखान्यात मी बाकाच्या उजव्या टोकाला होते, म्हणून तो माझ्या डावीकडे बसला. मी त्याच्याकडे तोंड करून बसले.

"एक सांगू?" मी म्हटलं. "आई बाबांशी बोलून बोलून दमते. आणि तुझा तर धंदाच ऐकण्याचा."

"अजून बोलतात का ते एकमेकांशी?"

"बोलतात. भांडतातसुद्धा. बाबांनी तोंड फिरवलं, की भांडण खलास."

"बरी सोय आहे," तो म्हणाला. मग हसू ओसरलं. "मलाही भीती वाटते गं."

"कसली?"

"तू नाही म्हणशील याची."

"तू विचारलंस कधी?"

त्याचे कान लाल झाले. "विचारलं... चार वेळा. तुझ्या डाव्या बाजूला बसून. म्हटलं, सराव होईल."

"शेवटचं मला दिसलं. टीव्हीच्या पडद्यात."

"म्हणजे तुला पंधरा दिवस माहीत होतं? आणि गप्प बसलीस?"

"आधी आकडा कळू दे म्हटलं. काय पदरात पडतंय, ते तुला कळायला नको?"

"ते मला तू स्वतःला मोजायच्या आधी कळलं होतं," तो म्हणाला. "अदलाबदल केली, त्याच दिवशी. तरी आलोच ना दर रविवारी?"

मी सरकून त्याला जागा करून दिली. "उजवीकडे ये. ऐकायचंय."

तो आला. आधी बाकाकडे बघितलं, मग बुटांकडे, मग माझ्याकडे.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "आकडा कितीही येवो. राहशील माझ्याबरोबर?"

एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार उघडलं आणि नर्सनं आत बोलावलं. आत कान तपासायची काचेची खोली होती, हेडफोन होते, आणि ऐकू आलं की दाबायचं बटण.

"मी तीनदा मोजल्याशिवाय काही मानत नाही," मी उठता उठता म्हटलं.

"मग?"

"अजून दोनदा विचार... मी बाहेर आल्यावर. उत्तरही तेव्हाच."

दार लागता लागता मी मागे वळून बघितलं. तो बाकावरून उठून उभा राहिला होता आणि दोन बोटं वर करून मला दाखवत होता.