तांदळात लिहिलेलं नाव

पूर्णिमाला त्या दुपारी एक बरणी बांधून द्यायची होती, एवढंच. बेळगावच्या एका सरकारी दवाखान्यात डीएनए तपासणीचे नमुने बंद करून प्रयोगशाळेकडे धाडायचं काम तिचं. काम कसलं, हाडांची बोळवण! उभं राहून पिंढऱ्या भरून आलेल्या, कंग्राळीच्या घरून आणलेली भाकरी पिशवीत तशीच वाळलेली. त्यात वीज गेली. खोलीत अंधार नव्हता, पण उजेडही असा, कुणीतरी वापरून टाकल्यासारखा.

बरणीत गुंजी गावाच्या पलीकडं रानात सापडलेल्या एका बाईचं हाड होतं. समोर स्टुलावर सदलग्याची जयाबाई. तिची लेक सासरहून नाहीशी झालेली. सासरचे म्हणत, पळून गेली. हाड तिचंच का, ते आता आईच्या रक्तावरून ठरणार होतं.

"दुखंल हं, मावशी," पूर्णिमा सुई काढत म्हणाली.

"टोच गं. दुखायचं काय ऱ्हायलंय? ठाणं झालं, कचेरी झाली, समद्यांची पायरी झिजवली. हाय म्हना, न्हाय म्हना, पर एकदा सांगून सोडवा मला."

दारात टेकलेला हवालदार गुंडू जांभई देत म्हणाला, "मावशी, सायबाला बी असंच बोलला असता तर कवाच काम झालं असतं."

"बोलले की! त्यो कानडीत हसला."

रक्ताचे थेंब कार्डावरच्या गोलांत टिपून पूर्णिमानं ते वाळायला ठेवलं. बरणी कापडात शिवली, मेणबत्तीवर लाख धरली. जळक्या लाखेचा वास खोलीभर झाला. मोहोर उठवण्याआधी नमुन्यावरचं नाव साक्षीदारांपुढं मोठ्यानं वाचायची तिची सवय. अजून ठरायचं होतं तरी पोलिसांनी बेपत्ता बाईचं सासरचं नाव चिठ्ठीवर घातलं होतं. तेच तिनं वाचलं.

"प्रमोदिनी."

"ओ."

पूर्णिमानं मान वर केली. "मावशी, तुम्ही बोलला?"

"मी का बोलू? माझं नाव हाय व्हय ते?"

"व्हरांड्यात असंल कोणतरी," गुंडू म्हणाला. "लावा मोहोर मॅडम. आयतु, झालं म्हना."

असेल. दमलेल्या माणसाच्या कानांचं काय खरं! तिनं पुन्हा लाख धरली आणि पुन्हा वाचलं, या वेळी जरा हळू.

"प्रमोदिनी..."

"ओ..."

शिवलेल्या कापडाच्या आतून आलं ते. लाखेच्या वासाखालून ओल्या मातीचा वास वर आला. गुंडूची जांभई अर्धीच राहिली.

ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. जयाबाई हसली नाही आणि घाबरलीही नाही. थकलेल्या बाईला भ्यायलासुद्धा बळ लागतं. ती उठली, बरणीला कान लावला.

"मनू... ए मनू."

काही नाही. मेणबत्ती तेवढी फरफरली.

"ही माझी मनू न्हवं," जयाबाई म्हणाली. "लग्नात ताटात तांदूळ पसरून जावयानं अंगठीनं नाव लिवलं, प्रमोदिनी. मागनं कळलं, पयल्या बायकोचं नाव ते. ती बी अशीच न्हाईशी झालती. नाव रिकामं पडलंय म्हणून माझ्या लेकीला घातलं मेल्यानं, मेलेलीचं लुगडं नेसवल्यागत! मनू त्या नावाला कधी वळली न्हाय. मार खाल्ला, पर वळली न्हाय." तिनं बरणीवर हात ठेवला. "तू पयली व्हय गं, बाई? लई दिस कुणी हाक मारली न्हाय न्हवं तुला?"

पूर्णिमानं कशीबशी मोहोर दाबली. वाळलेलं कार्ड पाकिटात घातलं, तेही बंद केलं.

"तपासणी हुईल तवा हुईल," गुंडू घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि गाडी आणायला जवळजवळ पळालाच.

जयाबाईनं पदरानं तोंड पुसलं. व्हरांड्यात जाऊन बहिणीला फोन लावला.

गाडी येईपर्यंत बरणी ठेवायला पूर्णिमानं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात बेवारशी नमुने होते. कुणी मागायला न आलेली खोकी, सगळ्यांवर एकच शब्द, अनोळखी. बाहेर जयाबाईचा आवाज चढला. कित्येक महिन्यांत न हसलेली बाई हसत होती, रडत होती.

"जित्ती हाय गं आपली मनू! मनू जित्ती हाय!"

"काय, आई?"

खालच्या कप्प्यातून. झोपेतून उठल्यासारखं, बारीक.

कोणत्या खोक्यातून, ते पूर्णिमाला कळेना. बाहेर जावं, त्या बाईला सांगावं, म्हणून ती वळली. तोंड उघडलं...

आणि पाठीमागून, अगदी कानाशी, कुणीतरी दमून म्हटलं,

"ऱ्हाऊ द्या, आक्का... हसतीया न्हवं ती."